वेस्टर्न स्विंग: गिटार, फिडल आणि स्टीलवर अख्खा बँड कसा उभा करायचा

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात १९३१ साली बरस मिल नावाच्या पीठ गिरणीनं आपला माल खपवायला रेडिओवर एक छोटा वाद्यवृंद बसवला. नाव ठेवलं 'लाइट क्रस्ट डोबॉइज'. फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) बॉब विल्स, गिटारवर हर्मन आर्न्सपायगर, गायला मिल्टन ब्राउन. गिरणीचा व्यवस्थापक डब्ल्यू. ली ओ'डॅनियल (हाच पुढे टेक्सासचा गव्हर्नर झाला) याला आपल्या वादकांनी नाचाच्या हॉलमध्ये वाजवणं पसंत नव्हतं. ब्राउन १९३२ मध्ये बाहेर पडला, पुढच्या वर्षी विल्सही. दोघंही गेले ते थेट नाचाच्या हॉलमध्येच. ब्राउननं फोर्ट वर्थमध्येच 'म्युझिकल ब्राउनीज' उभा केला. विल्स वेको शहरातून ओक्लाहोमातल्या टल्साला गेला आणि केन्स बॉलरूम हा त्याचा अड्डा झाला.

या हॉलमधलं, तारांच्या वाद्यांवरचं नाचाचं संगीत म्हणजेच वेस्टर्न स्विंग. हा इतिहास आधी सांगायचं कारण एकच. वेस्टर्न स्विंग म्हणजे कंट्री गाण्याला जॅझचा मुलामा असं समजून वाजवायला बसलात, तर हाताला काही लागणार नाही. त्या काळी लोक काउंट बेसी किंवा बेनी गुडमन यांच्यासारख्या पंधरा-पंधरा माणसांच्या बँडवर नाचत होते. टेक्सासच्या या मंडळींकडे सुरुवातीला ना सॅक्सोफोनची रांग होती ना ट्रम्पेटची. होतं ते फिडल, गिटार, बँजो, मँडोलिन आणि हवाई बेटांवरून आलेलं, तारांवर पोलादी दांडी सरकवून वाजवायचं स्टील गिटार. मग बिग बँडमधलं एकेक काम त्यांनी या वाद्यांना वाटून दिलं. दोन-तीन फिडल मिळून सॅक्सोफोनची रांग झाली, स्टील ट्रॉम्बोनच्या जागी बसलं आणि साथीची गिटार जवळजवळ ड्रमच झाली. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी या वाटणीतूनच निघते.

मराठी कानाला यातलं सगळंच परकं नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात स्विंग बँड वाजत होते आणि गोव्याचे वादक त्यात तरबेज झाले. त्यांच्यातले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांचे सहायक होते. 'अलबेला'ची (१९५१) गाणी ज्यांनी ऐकलीत, त्यांच्या पायांना स्विंग ठाऊक आहे. नवीन आहे ते तीच चाल तारांच्या वाद्यांवर बसवणं.

पहिली पायरी: आधी कान

वाद्य हातात घेण्याआधी थोडे दिवस नुसतं ऐका, आणि नेमकं ऐका. मिल्टन ब्राउनच्या बँडच्या १९३५ च्या ध्वनिमुद्रणांत बॉब डनचं स्टील आहे. कंट्री संगीतात विजेवर चालणारं वाद्य तिथेच पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं. डन गोड हवाईयन सूर ओढत बसत नाही, तुटक, फुंकून वाजवल्यासारखी वाक्यं टाकतो. ब्राउन १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर गेला, नाहीतर या संगीताचा 'राजा' म्हणून विल्सचंच नाव घेतलं गेलं असतं का, ही शंका मला कायम वाटते.

विल्सच्या 'टेक्सास प्लेबॉइज'चं भरपूर साहित्य उपलब्ध आहे, पण आपल्या कामाचं सर्वात जास्त आहे ते 'टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स'. रेडिओ केंद्रांना विकण्यासाठी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात केलेली ही ध्वनिमुद्रणं. युद्धाआधी विल्सकडे पितळी वाद्यांचा मोठा ताफा होता, इथे तो जवळपास नाही. त्यांची जागा स्टील, विजेची मँडोलिन आणि गिटार यांनी घेतली आहे. तिघं मिळून तीन सुरांत असं वाजवतात की डोळे मिटले तर ट्रम्पेटची रांग समोर उभी आहे असं वाटावं. टायनी मूरची मँडोलिन, ज्युनियर बर्नार्डची खरखरीत गिटार, एल्डन शॅम्ब्लिनची साथ यांवर कान ठेवा. अलीकडचं ऐकायचं तर १९७० मध्ये सुरू झालेला 'अस्लीप अ‍ॅट द व्हील' आणि फिडल, गिटार, बास अशा तिघांचाच 'हॉट क्लब ऑफ काउटाउन'. तीन माणसांत हे काम भागतं, याचा धीर या दुसऱ्या बँडमुळे येतो.

ऐकताना एका गाण्यात एकाच वाद्याचा पाठलाग करा. पहिल्यांदा फक्त बास. दुसऱ्यांदा फक्त साथीची गिटार, जी नीट ऐकूही येत नाही आणि बंद पडली तर सगळं कोसळतं. फिडल शेवटी, कारण तिकडे कान आपोआप जातोच.

दुसरी पायरी: वाद्यांची जुळवाजुळव

कमीत कमी लागतं ते असं: एक साथीची गिटार, एक फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि बास. चौथं वाद्य मिळालं तर स्टील, पाचवं मँडोलिन.

गिटार कुठलीही अकूस्टिक चालेल. त्या काळचे वादक फुगीर पाठीपोटाची, एफच्या आकाराची छिद्रं असलेली गिटार वापरत, कारण तिचा आवाज पटकन उठतो आणि पटकन विझतो. आपल्याकडच्या दुकानांत मिळते ती मोठ्या पोटाची गिटार जास्त वेळ घुमते. त्यावर उपाय डाव्या हातात आहे, तो पुढे येईल. तारा मात्र जरा जाड लावा. अगदी बारीक तारांवर ही साथ किरकिरते.

हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकलेल्यांनी तारा सा-प-सा-प वरून बदलून पाश्चात्त्य पद्धतीनं जाडीकडून बारकाईकडे जी, डी, ए, ई अशा लावाव्यात. मांडी घालून वाजवलंत तरी काही बिघडत नाही, पण तारा बदलल्याशिवाय इतर वाद्यांशी बोटं जुळणार नाहीत. मँडोलिनच्या तारा याच सुरांत असतात, त्यामुळे एकाचं बोट दुसऱ्याला बघून शिकता येतं.

स्टीलसाठी वेगळं वाद्य विकत घ्यायची घाई नको. हवाईयन गिटार आपल्याकडे ऑर्केस्ट्रांतून आणि सिनेसंगीतातून भरपूर वाजली आहे. कुणाच्या माळ्यावर असेल तर उत्तमच. नसेल तर साध्या गिटारच्या नटवर (मानेच्या टोकाशी तारा टेकतात तिथे) बसणारी धातूची पट्टी मिळते, ती तारांना बोर्डापासून उंच उचलते. वरून सरकवायला पोलादी दांडी, आणि अंगठ्यात व बोटांत घालायचे पिक. एवढ्यावर शिकता येतं.

ड्रम असतील तर ठीक, नसतील तर अडत नाही. विल्सनं १९३५ मध्ये स्मोकी डॅकसला ड्रमवर घेतलं तेव्हा कंट्री वादकांमध्ये ते विचित्रच होतं. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कार्यक्रमाला ड्रमचं इतकं वावडं होतं की १९४४ मध्ये विल्स तिथे गेला तेव्हा त्यावरून वाद झाला. विल्सनं ड्रम वाजवून घेतलेच. घरच्या बैठकीत मात्र स्नेअर ड्रमवर ब्रश फिरवणारा एक जण पुरे. ढोलक घ्यायचा मोह टाळा, तिच्या घुमाऱ्यात बास बुडतो.

तिसरी पायरी: लय पायात

स्विंगचं गुपित प्रत्येक मात्रेच्या आत आहे. एक मात्रा घ्या आणि तिचे दादऱ्याच्या चालीनं तीन समान तुकडे करा. पहिले दोन तुकडे जोडून एक लांब सूर, उरलेला तिसरा आखूड. लांब-आखूड, लांब-आखूड. मध्यम लयीत हे प्रमाण असंच राहतं. लय वाढत गेली की दोन्ही सूर जवळजवळ सारखे होतात. जलद गाण्यातही लांब-आखूड ठासून वाजवलं की ते लंगडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जोर कुठे द्यायचा. चार मात्रांच्या एका बारमध्ये बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर. आपल्याला समेवर टाळी द्यायची इतकी सवय आहे की सुरुवातीला हात हटकून पहिल्या मात्रेवर जातो. यावर सराव असा: गाणं मिनिटाला १२० मात्रांचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लावा, आणि त्याची टिक ही दुसरी आणि चौथी मात्रा आहे असं धरून मोजा. 'एक' टिकच्या मध्ये, रिकाम्या जागेत म्हणायचा. हे वाद्याशिवाय, स्वयंपाक करताना किंवा चालतानाही जमतं. हे पक्कं झाल्याशिवाय चौथ्या पायरीवर गेलात तर परत यावं लागेल.

बासनं पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर वाजवलं की त्याला 'टू-बीट' म्हणतात, चारही मात्रांवर चालत गेलं की 'फोर-बीट'. गाणं गायलं जात असताना टू-बीट, सोलो सुरू झाला की फोर-बीट. एवढ्या एका बदलानं हॉल उठून उभा राहतो.

चौथी पायरी: साथीची गिटार

इथे वेळ घाला. माझं मत विचाराल तर एकूण सरावाचा अर्धा वेळ इथे गेला पाहिजे.

पहिला नियम: उघड्या तारांच्या कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे सूर) विसरा. मोकळी तार वाजली की ती घुमत राहते, आणि स्विंगला हवा तो तुटक 'चक्' मिळत नाही. दुसरा नियम: सहाही तारा वाजवू नका. तीन पुरतात, आणि वरच्या दोन बारीक तारांना हातच लावायचा नाही. तो प्रदेश फिडल आणि स्टीलचा. तिसरा नियम: साध्या मेजर कॉर्डऐवजी सिक्स्थ कॉर्ड धरा, म्हणजे सा-ग-प मध्ये शुद्ध धैवत मिळवा. या संगीताचा उबदारपणा बराचसा त्या धैवतात आहे.

जी पट्टीतल्या या कॉर्ड घ्या. सहावी तार म्हणजे सर्वात जाड. तारेनंतरचा आकडा फ्रेटचा, म्हणजे मानेवरच्या घराचा. ज्या तारांचा उल्लेख नाही त्या बोटाच्या पोटानं दाबून बंद ठेवायच्या.

जी सिक्स्थ: सहावी ३, चौथी २, तिसरी ४
जी सेव्हन्थ: सहावी ३, चौथी ३, तिसरी ४
ए मायनर सेव्हन्थ: सहावी ५, चौथी ५, तिसरी ५
बी-फ्लॅट डिमिनिश्ड: सहावी ६, चौथी ५, तिसरी ६
जी, खाली बी: सहावी ७, चौथी ५, तिसरी ७
सी सिक्स्थ: पाचवी ३, चौथी २, तिसरी २
सी-शार्प डिमिनिश्ड: पाचवी ४, चौथी ५, तिसरी ३
जी, खाली डी: पाचवी ५, चौथी ५, तिसरी ४
ई सेव्हन्थ: पाचवी ७, चौथी ६, तिसरी ७
ए सेव्हन्थ: सहावी ५, चौथी ५, तिसरी ६
डी सेव्हन्थ: पाचवी ५, चौथी ४, तिसरी ५

जी सिक्स्थला मधलं बोट सहाव्या तारेवर, तर्जनी चौथीवर, अनामिका तिसरीवर. मधल्या बोटाचं पोट पाचव्या तारेला टेकतं आणि ती आपोआप बंद होते. पाचव्या तारेवर खालचा सूर असलेल्या कॉर्डमध्ये त्याच बोटाचं टोक सहाव्या तारेला स्पर्श करू द्या.

आता उजवा हात. चारही मात्रांवर खाली मारलेला फटका, वर जाणारा एकही नाही. पहिली आणि तिसरी मात्रा किंचित लांब, दुसरी आणि चौथी आखूड आणि जोरकस. आखूड कशी करायची? फटका पडल्याबरोबर डावा हात सैल सोडायचा. बोटं तारांवरच राहतात, फक्त दाब निघून जातो. गिटार मोठ्या पोटाची असेल तर हा दाब आणखी लवकर काढा. चारशे माणसांच्या हॉलमध्ये माइकशिवाय ऐकू जायचं, म्हणून ही पद्धत आली. तिथे घुमणारा आवाज नुसता गोंगाट होतो, तुटलेला फटका मात्र शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतो.

हे जमलं की सोळा बारचा हा साचा घ्या. टेक्सासच्या कित्येक नाचाच्या चाली या किंवा अशाच साच्यावर बसतात:

बार १ ते ४: जी सिक्स्थ, जी सिक्स्थ, डी सेव्हन्थ, डी सेव्हन्थ
बार ५ ते ८: डी सेव्हन्थ, डी सेव्हन्थ, जी सिक्स्थ, जी सेव्हन्थ
बार ९ ते १२: सी सिक्स्थ, सी-शार्प डिमिनिश्ड, जी (खाली डी), ई सेव्हन्थ
बार १३ ते १६: ए सेव्हन्थ, डी सेव्हन्थ, जी सिक्स्थ, डी सेव्हन्थ

नवव्या बारपासून खालचा सूर बघा: सी, सी-शार्प, डी. एकेक पायरी चढतो आणि पुढे ई वर पोचतो. ऐकणाऱ्याला कॉर्ड कळत नाहीत, पण ही चढण कळते.

एल्डन शॅम्ब्लिननं यापुढे जाऊन जवळजवळ प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलायला सुरुवात केली, म्हणजे गिटार साथ देता देता बासची चाल चालू लागली. त्याची चव घ्यायची तर आठव्या बारमध्ये जी सेव्हन्थ सोडून एकेका मात्रेवर हे वाजवा: जी सिक्स्थ, ए मायनर सेव्हन्थ, बी-फ्लॅट डिमिनिश्ड, जी (खाली बी). सहाव्या तारेवर बोट ३, ५, ६, ७ असं चढतं आणि पुढच्या बारच्या समेला सी वर उतरतं. सी साठी हात खाली पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर उडी मारतो खरा, पण सूर तोच आहे जो सहाव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर मिळाला असता, त्यामुळे चढण तुटत नाही. उडी अवघड वाटली तर सी सिक्स्थ वरच धरा: सहावी ८, चौथी ७, तिसरी ९.

सोळाव्या बारमध्येही नुसतं डी सेव्हन्थ न वाजवता पंधराव्या आणि सोळाव्या बारमध्ये मिळून दोन-दोन मात्रांच्या चार कॉर्ड घालता येतात: जी सिक्स्थ, बी-फ्लॅट डिमिनिश्ड, ए मायनर सेव्हन्थ, डी सेव्हन्थ. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला याच्यासारखी शिडी नाही. मात्र गायक गात असताना ही सगळी कारागिरी बंद. तेव्हा दोन कॉर्डमध्ये भागतं तिथे दोनच.

पाचवी पायरी: बास

थोडक्यात. टू-बीटमध्ये पहिल्या मात्रेला कॉर्डचा सा, तिसऱ्या मात्रेला पंचम. फोर-बीटमध्ये पुढच्या कॉर्डकडे चालत जायचं आणि शेवटची मात्रा शक्यतो पुढच्या सा च्या एक फ्रेट वर किंवा खाली ठेवायची. उभा बास नसेल तर विजेच्या बास गिटारवर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा, सूर हवा तितका आखूड होतो. साथीची गिटार कॉर्ड चालवत असेल तेव्हा बासनं टू-बीटच धरावं. दोघंही चालायला लागले की एकमेकांच्या पायात येतात.

सहावी पायरी: स्टील

हे वाद्य हवाई बेटांवरचं. तिथल्या जोसेफ केकूकूनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवर पोलाद सरकवून वाजवण्याची पद्धत रूढ केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ती अमेरिकाभर पसरली. स्विंगमध्ये तिला नवं काम मिळालं. लिऑन मॅकॉलिफ हा विल्सचा स्टीलवादक. त्याचं नाव घेऊन विल्स गाण्यातच आरोळी ठोकायचा आणि सोलो त्याच्या हवाली करायचा.

तारा लावण्याची स्विंगमधली सर्वमान्य पद्धत सी सिक्स्थ, पण ती साध्या गिटारच्या तारांच्या संचावर जमत नाही. चौथी तार इतकी ताणावी लागते की तुटण्याचीच भीती. त्याऐवजी जी सिक्स्थ लावा. नेहमीच्या सुरांतून फक्त दोन तारा उतरवायच्या: सहावी ई वरून डी वर, पाचवी ए वरून जी वर. बाकी चार जशा आहेत तशा. जाडीकडून बारकाईकडे सूर होतात डी, जी, डी, जी, बी, ई. दांडी न ठेवताही मोकळ्या तारा छेडल्या की जी सिक्स्थ वाजतो.

दांडी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर ठेवायची, दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही. दाबायचं नाही, तिचं स्वतःचं वजन पुरतं. दांडीच्या मागे डाव्या हाताची बोटं तारांवर अलगद टेकलेली असू देत, नाहीतर मागच्या बाजूनं खरखर येते.

वरच्या चार तारांवर बाराव्या फ्रेटला जी सिक्स्थ, पाचव्याला सी सिक्स्थ, सातव्याला डी सिक्स्थ. इतकं सोपं. सेव्हन्थ कॉर्डला मात्र युक्ती लागते, कारण सरळ दांडीखाली तो पूर्ण मिळत नाही. वरच्या तीनच तारा छेडा. त्या मिळून मायनर कॉर्ड देतात. बास आणि गिटार डी सेव्हन्थ वाजवत असताना तुम्ही पाचव्या फ्रेटला या तीन तारा छेडल्यात तर ए, ई, सी हे सूर येतात, म्हणजे डी चा पंचम, रिषभ आणि कोमल निषाद. गंधार गिटारकडे आहेच. सगळं मिळून भरदार नाइन्थ कॉर्ड उभा राहतो. याच हिशेबानं ए सेव्हन्थला बारावा फ्रेट, ई सेव्हन्थला सातवा, जी सेव्हन्थला दहावा. म्हणजे आपल्या साच्याच्या शेवटाला दांडीचा प्रवास सात, बारा, पाच, बारा असा होतो. डिमिनिश्डच्या बारला स्टीलनं गप्प बसावं.

कॉर्डवर पोचायचं ते एक फ्रेट खालून, झटकन सरकत. लांब, रडवेली मींड प्रत्येक वेळी ओढली की हवाईयन ऑर्केस्ट्रा होतो, स्विंग होत नाही. दोन मात्रा वाजवा, दोन मात्रा सोडा. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो, तुम्हीही घ्या. अ‍ॅम्प असेल तर वरची धार कमी करा आणि आवाज इतका वाढवा की जोरात छेडल्यावर सूर किंचित फाटेल, हळू छेडल्यावर स्वच्छ राहील.

सातवी पायरी: फिडल आणि तीन सुरांची रांग

बॉब विल्स स्वतः फार मोठा सोलो वाजवणारा नव्हता. त्याचे वडील स्पर्धा गाजवणारे फिडलवादक होते, आणि तोही ते जुनं, सरळ फिडल वाजवायचा. तोडणारे सोलो तो दुसऱ्यांकडून वाजवून घेई, पुढच्या काळात जॉनी गिंबलसारख्यांकडून. यातून शिकण्यासारखं हे की एकाच गाण्यात दोन्ही प्रकारचं वाजवणं चालतं. आधी चाल सरळ, जवळजवळ शोभा न करता, आणि मग सोलो.

सोलोसाठी मराठी वाचकाला एक जवळची वाट आहे. जी ला सा धरलं तर भूपाचे पाच स्वर, सा रे ग प ध, हे या संगीताचं मुख्य अंगण. जी सिक्स्थ कॉर्ड पुराच्या पुरा त्यात बसतो. त्यात कोमल गंधार घाला, पण तो ठेवायचा नाही, तिथून शुद्ध गंधाराकडे सरकायचं. दोन गंधारांच्या मधली ती जागा ब्लूजमधून आली आहे. विल्सचं बालपण कापसाच्या शेतांवर काळ्या मजुरांच्या गाण्याजवळ गेलं, आणि बेसी स्मिथला ऐकायला आपण घोड्यावरून दूरवर गेलो होतो असं तो सांगत असे. ज्यांनी मींड शिकली आहे त्यांचं बोट या जागेवर आपसूक जातं. फक्त आलापी करू नका. भूपाचा विस्तार लयीला धरून नसतो, इथे प्रत्येक सूर नाचणाऱ्याच्या पावलाला बांधलेला आहे.

गज आखूड वापरा, मधल्या भागात. मात्रेच्या आखूड तुकड्यावर गज बदलून तोच सूर पुढच्या मात्रेत ओढत न्या. जोर ऑफबीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या जागेवर, पडतो आणि चाल आपोआप झुलायला लागते.

रांग बांधणं हा खरा मजेचा भाग. दोन फिडल असतील तर दुसरं मुख्य सुराच्या खाली, कॉर्डमधल्या सर्वात जवळच्या सुरावर चालतं. तीन वाद्यं असतील (फिडल, मँडोलिन, स्टील किंवा दुसरी गिटार) तर जी सिक्स्थच्या बारमध्ये असं वाटा: वरचा सूर जी असेल तर खाली ई आणि डी. वर बी असेल तर जी आणि ई. वर डी असेल तर बी आणि जी. वर ई असेल तर डी आणि बी. मधले जाता-येता लागणारे सूर डी सेव्हन्थचे समजा: ए खाली एफ-शार्प आणि डी, सी खाली ए आणि एफ-शार्प. एवढा तक्ता पाठ झाला की दोन बारचे छोटे तुकडे बांधता येतात, जे गायकाच्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत फेकायचे. मँडोलिनचा सूर लवकर विझतो, म्हणून तिला लांब सूर देऊ नका. शॅम्ब्लिन आणि मॅकॉलिफ यांनी १९४१ मध्ये गिटार आणि स्टील अशी जोडी याच पद्धतीनं ध्वनिमुद्रित केली, ती शोधून ऐकाच.

तीनही वाद्यांनी सूर नेमका एकाच क्षणी सोडला पाहिजे. सुरुवात सगळे बरोबर करतात. शेवट एकत्र करणं तालमीशिवाय जमत नाही.

आठवी पायरी: मांडणी आणि तालीम

चार बारची सुरुवात फिडलनं करा. मग सोळा बार चाल रांगेनं, सोळा बार गाणं, सोळा बार स्टीलचा सोलो, सोळा फिडलचा, पुन्हा गाणं, आणि शेवटच्या चार बारची दोनदा पुनरावृत्ती करून जी सिक्स्थवर थांबा. सोलोचा क्रम कागदावर ठरवून ठेवू नका. विल्स गाता-वाजवताना गजानं खूण करायचा किंवा नाव घेऊन हाक मारायचा, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला त्याच क्षणी उडी घ्यावी लागे. या भीतीनं वादक जागे राहतात. एकानं पुढारीपण घ्या आणि हाका मारा, आपल्या मराठीत मारल्या तरी चालतील.

एका वेळी एकच जण बोलतो, हा शिस्तीचा भाग. गायक गाताना फिडल मधल्या जागा भरत असेल तर स्टील गप्प. पुढच्या कडव्यात उलट. नवशिक्या बँडची ध्वनिमुद्रणं ऐकली की नव्वद टक्के तक्रार हीच निघते: सगळे सगळ्या वेळी वाजवत असतात.

तालमीत फोन ठेवून ध्वनिमुद्रण करा, पण तो सोलो वाजवणाऱ्यासमोर ठेवू नका. बास आणि साथीच्या गिटारच्या मधोमध ठेवा. ऐकताना तपासायचं ते हे: सोळा बारनंतर लय वाढली का, फोर-बीटमध्ये शिरताना धाव घेतली का, दुसरी-चौथी मात्रा ऐकू येते का. सोलोतले चुकलेले सूर तूर्त सोडून द्या. लय वाढत असेल तर बहुतेक वेळा दोषी उजवा हात नसतो, डावा असतो. तो दाब उशिरा सोडतो आणि पुढच्या कॉर्डसाठी घाई करतो. अशा वेळी गाणं मिनिटाला शंभर मात्रांवर उतरवा, फिडलला बसवून ठेवा, आणि गिटार व बास यांनीच पाच मिनिटं साचा फिरवावा.

शेवटची परीक्षा नाचाची. घरातल्या दोघांना उभं करा, वेस्टर्न टू-स्टेप येत नसला तरी हरकत नाही, नुसतं चालायला सांगा. त्यांची पावलं न सांगता बासवर पडायला लागली तर पुढची पट्टी घ्या. डी आणि ए या फिडलला सोप्या, आणि तीन तारांच्या वरच्या कॉर्ड त्यांत तशाच्या तशा सरकवता येतात: जी चा साचा दोन फ्रेट वर नेला की ए तयार. स्टीललाही तोच हिशेब, फक्त बाराव्याच्या पुढे दांडी न नेता तोच कॉर्ड बारा फ्रेट खाली शोधायचा, म्हणजे ए सिक्स्थ चौदाव्याऐवजी दुसऱ्या फ्रेटला मिळतो.